पखवाजाची डावी बाजू

१

संध्याकाळी सहा वाजता रंगनाथबुवा सोनगिरकरांचा पखवाज फाटलेला सापडला, आणि सहा वाजून पाच मिनिटांनी गुन्हेगारही सापडला. अठ्ठावीस वर्षांच्या पोलीस नोकरीत इतक्या झटपट सापडलेला गुन्हेगार मी पाहिला नव्हता. तिथेच माझं डोकं ठिकाणावर यायला हवं होतं. ते आलं नाही, आणि त्याचा राग मला आजही येतो.

मी मंगला बोरस्ते. पोलीस खात्यातून निवृत्त झाले आणि दारणा विद्यापीठात सुरक्षा अधिकारी म्हणून लागले. रोज इंदिरानगरहून स्कूटरवर येते. हेल्मेट न घालणाऱ्या पोरांना फाटकात अडवायचं आणि वसतिगृहाच्या तक्रारी मिटवायच्या, एवढंच काम. फेब्रुवारीत मात्र आमचं वसंत सत्र असतं. सात संध्याकाळी, त्यात कधी पाहुण्यांचं व्याख्यान, कधी गाणं, कधी नाच. त्या आठवड्यात मला जेवायलाही फुरसत नसते.

त्या दिवशी चौथी संध्याकाळ होती. सात वाजता बुवांचा पखवाज. सभागृहाबाहेर दीडदोनशे माणसं उभी होती आणि मी रांग लावत होते. एवढ्यात बुवा कलाकारांच्या खोलीतून ओरडतच बाहेर आले. पासष्टीचा गोरापान माणूस, अंगावर रेशमी झब्बा, आणि आवाज असा की माइकची गरज नाही.

"फाडला! माझा पखवाज फाडला कुणीतरी!"

नेमके त्याच वेळी बद्रुद्दीनचाचा पायऱ्या चढून वर येत होते. जुन्या नाशकात त्यांचं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे. नाशकातला तबला, ढोलकी, पखवाज, काहीही उतरलं की त्यांच्याकडे जातं. त्यांची नात अरफा आमच्याच संगीत विभागात एम. ए. करते. दुपारी बुवांचा पखवाज कसायला त्यांनाच बोलावलं होतं.

सत्राचे समन्वयक प्राध्यापक दिनेश कापडणीस बुवांच्या मागे धावत आले. त्यांनी चाचांना पाहिलं आणि बोट रोखलं. "हाच होता आत! याच्याकडेच होतं वाद्य! अशा लोकांना आत घ्यायलाच नको होतं!"

अशा लोकांना. हे शब्द मी ऐकले. ऐकून काय केलं? चाचांचा दंड धरला. त्यांची हत्यारांची पिशवी आत कलाकारांच्या खोलीतच राहिली होती, ती आणवली आणि सगळ्यांसमोर फरशीवर उपडी करायला सांगितली. हातोडी, लाकडी गठ्ठे, चामड्याच्या वाद्या, आणि शेवटी रापी पडली. रापी म्हणजे चामडं कापायचं रुंद पात्याचं हत्यार. तिच्या धारेवर पांढरं काहीतरी लागलेलं होतं.

"हे बघा, पुरावा!" कापडणीस म्हणाले. लोकांनी मोबाइल वर धरले होते. चाचा फक्त त्या रापीकडे बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

२

मी चाचांना माझ्या केबिनमध्ये बसवलं. मागोमाग अरफा आली. तिनं दार आपटलं आणि टेबलावर दोन्ही हात टेकून माझ्यासमोर उभी राहिली.

"मॅडम, तुम्ही माझ्या नानांची पिशवी ओतली? लोकांसमोर? चोराची ओततात तशी?"

"चौकशी करावी लागते, बाळ."

"मग करा ना! कुठं केलीत? आधी शिक्षा केलीत, आता चौकशी करताय!"

 चाचांनी तिला हातानंच गप्प केलं. सत्तरीचे असतील. हाताची कातडी वाद्यांच्या चामड्याइतकीच राठ झालेली. ते सावकाश सांगू लागले.

"बाई, मी सव्वाचारला आलो. पखवाज गवसणीत होता. बुवा म्हणाले, प्रवासात उजवी बाजू उतरली, तेवढी चढवून दे. डाव्या बाजूला हात लावायचा नाय, गवसणी काढायची पण नाय. मी म्हटलं, ठीक आहे. उजवीकडची गवसणी खाली केली, काम केलं. बुवा समोरच खुर्चीत बसून होते. पाच वाजता मी नमाजला गेलो. हॉलमधले दिवे लागले की चामडं चढतं, म्हणून सहाला परत येऊन बघणार होतो. पिशवी तिथंच ठेवली. कलाकाराच्या खोलीत काय भीती, म्हटलं."

"म्हणजे डावी बाजू तुम्ही पाहिलीच नाही?"

"खुदाची शपथ, नाय पाहिली."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू आलं. गंगापूर रोडचा एक तबला क्लासवाला बोलत होता. "चाचा, तो व्हिडिओ आलाय ग्रुपवर. मी काही म्हणत नाही, पण आमचे चार तबले तुमच्याकडे आहेत ना, ते उद्या सकाळी परत नेतो. तयार नसले तरी चालतील."

"घेऊन जा," चाचा म्हणाले आणि फोन खिशात ठेवला. मग बराच वेळ खिशावर हात ठेवूनच बसले.

अर्धा तास झाला नव्हता आणि माणसाचं चाळीस वर्षांचं दुकान मोडायला लागलं होतं. ज्याच्या हातात लोक आपली वाद्यं डोळे मिटून देतात, त्याच्या हातावरचाच भरवसा गेला तर राहिलं काय?

दारात कापडणीस आले. हातात टाइप केलेला कागद. "मॅडम, तक्रार तयार आहे. कुलगुरू दिल्लीत आहेत, फोनवर परवानगी दिलीय. साडेसातला पोलीस येतील. तुम्ही फक्त सही करा, प्रथम चौकशी केली म्हणून."

घड्याळात साडेसहा झाले होते. "सही साडेसातला," मी म्हटलं. "तोवर मी चौकशी करते. पहिल्यांदा."

३

मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून अरफाला बरोबर घेतलं. कापडणीसांनी हरकत घेतली, "ती आरोपीची नात आहे." मी म्हटलं, ती हात लावणार नाही, फक्त बघेल, आणि मी तिच्याकडे बघेन. ते कुरकुरत बाजूला झाले.

पखवाज टेबलावर आडवा होता. डाव्या बाजूच्या चामड्यावर मधोमध चार बोटं लांब फाट होती. मला वाटलं होतं, सुरीनं सरळ कापल्यासारखी असेल. तशी नव्हती. एका टोकाला वाकडी झालेली, आणि तिच्या भोवतीचं चामडं खरवडून पातळ केल्यासारखं दिसत होतं. त्यावर पांढरट खपल्या चिकटलेल्या होत्या.

"हे काय?" मी विचारलं.

अरफा वाकली आणि तशीच थांबली. "कणीक."

"कणीक? पोळ्यांची?"

"तीच. पखवाजाच्या डाव्या बाजूला वाजवण्याआधी ओली कणीक थापतात. त्यानं आवाज खाली उतरतो, घुमतो. ऐनवेळी लावायची आणि वाजवून झालं की लगेच काढायची. नाना म्हणतात, कणीक लावून झोपणारा माणूस वाद्याचा वैरी. रात्रभर राहिली तर वाळून दगड होते, चामडं धरून बसते. मग ती काढताना चामडंच निघतं."

 टेबलाच्या कोपऱ्यावर स्टीलचा डबा होता. उघडला. आत भिजवलेल्या कणकेचा गोळा, वर ओलं फडकं. गोळा अख्खा होता, एक बोटसुद्धा लागलेलं नव्हतं.

"आजची कणीक तर डब्यातच आहे," मी म्हटलं. "मग पखवाजावर लागलेली कुठली?"

 मी पखवाज दोन्ही हातांनी उचलला आणि हळूच हलवला. आत खडखडलं. फाटीतून मोबाइलचा उजेड टाकला. तळाशी पांढरे, टणक तुकडे पडले होते, वाळलेल्या शेवयांच्या चुऱ्यासारखे.

मग मी खोलीला जोडलेल्या स्वच्छतागृहात गेले. बेसिनखाली, पाइपामागे कोंबलेला एक टॉवेल सापडला. विद्यापीठाच्या विश्रामगृहाचा, निळ्या काठाचा. ओला होता, आणि त्याच्या मध्यभागी कणकेचा चिकटा लागला होता.

मी तो टॉवेल हातात घेऊन तिथंच उभी राहिले आणि मला संताप आला. ज्याला दुसऱ्याचं वाद्य फाडायचं आहे तो येतो, सुरी मारतो आणि पळतो. आधी ओल्या टॉवेलनं कणीक भिजवत बसत नाही. भिजवतो तो, ज्याला ती जपून काढायची असते. म्हणजे कुणी हा पखवाज फाडायला आलंच नव्हतं. कुणीतरी तो वाचवायला बघत होतं.

४

त्या खोलीकडे जाणाऱ्या बोळात रखवालदार असतो. तो पास बघून सोडतो, कोण कधी आलं-गेलं ते लिहीत नाही. पास फक्त चौघांकडे होते: बुवा, त्यांची शिष्या निकिता, कापडणीस आणि चाचा. चाचा पाच ते सहा मशिदीत होते. विद्यापीठाशेजारच्या गावातल्या मशिदीत फोन लावला, तिथल्या मौलवींनी सांगितलं की नमाजनंतर चाचा त्यांच्याशीच बोलत बसले होते. म्हणजे राहिले तिघं.

कापडणीसांवर माझा पहिला डोळा होता, हे कबूल करते. या संध्याकाळी त्यांना एका सिनेनटाचं व्याख्यान हवं होतं. समितीनं पखवाज ठरवला, तेव्हापासून ते धुमसत होते.

"पाच ते सहा कुठं होतात?"

"माझ्यावर संशय? मॅडम, शोभतं का? मी फाटकावर होतो, उद्याच्या व्याख्यात्यांना स्टेशनवरून आणलं, त्यांच्याबरोबर चहा घेतला. विचारा त्यांना." मी विचारलं. खरं होतं. निर्दोष माणूस इतका चीड आणणारा असू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

निकिता तिशीची, एका बँकेत नोकरी करते आणि बारा वर्षं बुवांकडे शिकते. ती विंगेत हार्मोनियमशेजारी पाय मुडपून बसली होती. डोळे लाल.

"मी पाचपासून स्टेजवर होते. लेहऱ्याचा, म्हणजे साथीच्या हार्मोनियमचा, माइक लावत होतो. साउंडवाले दोघं होते बरोबर. पावणेसहाला कँटीनमधून कणीक भिजवून आणली आणि डबा खोलीत ठेवला. तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. पखवाज गवसणीत होता, पूर्ण झाकलेला."

"कणीक तू लावत नाहीस?"

"छे! बुवांच्या पखवाजाला कुणी हात लावत नाही. कणीक लावणं, काढणं, सगळं ते स्वतः करतात. बारा वर्षांत मला एकदाही लावू दिली नाही." हे म्हणताना तिच्या आवाजात कडवटपणा आला. तिनं तो लपवला नाही.

"काल कुठं वाजवलंत?"

"पिंपळगाव बसवंतला. एका द्राक्षवाल्यांच्या नव्या पॅकहाउसचं उद्घाटन होतं."

"वाजवून झाल्यावर कणीक काढली बुवांनी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली. "वाजवून झालं आणि लगेच सत्कार सुरू झाला. शाल, फेटा, द्राक्षांची पेटी, फोटो. आमदार आले होते. बुवा तासभर त्यातच होते. त्यांच्या माणसांनी वाद्यं गवसणीत घालून गाडीत भरली. रात्री आम्ही तिथंच राहिलो. सकाळी निघालो." ती थांबली. "मी विचारायला हवं होतं, मॅडम. पण बुवांना कोण विचारणार?"

तिला आणखी काही विचारायची गरजच राहिली नाही.

पाच ते सहा आपण विश्रामगृहात पडलो होतो, असं बुवांनी सांगितलं होतं. म्हणून तिथल्या लहानूला फोन केला. सुरगाण्याकडचा माणूस आहे, वीस वर्षं तिथं काम करतो, खोटं बोलायचा कंटाळा करतो.

"लहानू, पाच ते सहा बुवा खोलीत झोपले होते का?"

"नाय ओ, बाई. सव्वापाचला चहा घेऊन गेलो. दार वाजवलं लय वेळ. मग चावी लावली, म्हटलं म्हातारा माणूस हाय, काय झालं असंल. आत कोण नव्हतंच. पलंगबी तसाच. टॉवेल एक कमी हाय, तो पण बघा."

सात वाजून पाच मिनिटं झाली होती. आत सभागृहात लोक टाळ्या वाजवायला लागले होते, कार्यक्रम सुरू करा म्हणून.

५

बुवा विंगेमागच्या छोट्या खोलीत खुर्चीवर बसले होते. कापडणीस त्यांना पाणी देत होते. मी चाचांना आणि अरफाला आत आणलं आणि दार लावून घेतलं. फाटलेला पखवाज मी स्वतः उचलून आणला होता.

"ह्यांना कशाला आणलंत?" बुवा म्हणाले.

"बुवा, पाच ते सहा कुठं होतात?"

"सांगितलं ना. विश्रामगृहात. पडलो होतो जरा."

"लहानू चहा घेऊन आला होता. तुम्ही नव्हतात."

"मग... फिरायला गेलो असेन."

"काल पिंपळगावला वाजवून झाल्यावर कणीक कुणी काढली?"

"मीच. नेहमीसारखी. चाळीस वर्षं मीच काढतो."

मी टॉवेल टेबलावर ठेवला. पखवाज कलता केला, तेव्हा फाटीतून वाळक्या कणकेचे चार तुकडे टेबलावर पडले. टकटक आवाज झाला, इतके ते टणक होते. 

"चाचा, तुम्ही बघा," मी म्हटलं. "आत्तापर्यंत तुम्हाला बघूच दिलं नाही कुणी. ज्याच्यावर आरोप केला त्यालाच वाद्य दाखवलं नाही. शरम वाटायला हवी आम्हाला."

चाचांनी चष्मा लावला. फाटीवरून बोट फिरवलं, खरवडलेल्या चामड्यावरून फिरवलं, एक तुकडा उचलून नखानं दाबला. नंतर ते बुवांकडे वळले. आवाज चढवला नाही.

"ही कालची कणीक आहे, बुवा. ओलं फडकं घालून तासभर थांबायचं होतं. दहा मिनिटांत नाय सुटत ती. माझी रापी चामडं कापायची असते, खरवडायची नाय. मला बोलावलं असतं तर मी काढली असती. कुणाला बोललो पण नसतो."

 बुवांनी दोन्ही हात मांडीखाली दाबले.

"बद्रुद्दीन गेला आणि मी गवसणी काढली," ते म्हणाले. "कणीक तशीच होती. दगड झालेली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा विसरलो मी. पहिल्यांदा! नव्या पोराला सगळ्यात आधी हेच शिकवतो मी, आणि मीच... सातला कार्यक्रम, टॉवेल ठेवला, सुटेना. पिशवी उघडी होती. रापी घेतली, आणि ती घसरली. मग सुचेना काय करावं."

"सुचलं की," मी म्हटलं. "गवसणी चढवून ठेवणं सुचलं. रापी परत पिशवीत ठेवणं सुचलं. टॉवेल पाइपामागे कोंबणं सुचलं. ओरडत बाहेर येणं सुचलं."

"मी त्याचं नाव घेतलं नव्हतं! कुणीतरी फाडला, एवढंच म्हणालो. नाव कापडणीसांनी घेतलं."

"आणि तुम्ही गप्प बसलात. सव्वा तास!"

"माझं नाव गेलं असतं हो!" बुवांचा आवाज फुटला. "पखवाजी कणीक काढायला विसरला, हे कळलं तर लोक काय म्हणतील? म्हातारा झाला, संपला, म्हणतील. चाळीस वर्षांचं नाव आहे माझं."

माझं डोकं फिरलं. "आणि ह्यांचं किती वर्षांचं आहे? तेही चाळीसच! त्यांचे तबले उद्या सकाळी परत नेतायत लोक, माहीत आहे? तुमचा एक विसर झाकायला दुसऱ्याचं अख्खं आयुष्य वापरलंत, आणि आता ओठ थरथरवून दाखवताय!"

कापडणीस दाराकडे सरकत होते. मी त्यांनाही सोडलं नाही. "आणि तुम्ही. बुवा घाबरले होते, तुम्ही तर घाबरलाही नव्हतात. तुम्ही माणूस बघितलात, दाढी बघितलीत आणि ठरवलंत."

६

वाटलं होतं, आता सगळं सरळ होईल. कसलं काय! पाच मिनिटांत ते दोघं सावरले. मोठ्या माणसांना सावरायला फार वेळ लागत नाही.

"ठीक आहे," बुवा म्हणाले. "गैरसमज झाला. माझी काही तक्रार नाही. विषय संपला."

कापडणीसांनी तक्रारीचा कागद घडी करून खिशात घातला. "उत्तम. पोलिसांना मी फोन करून नको म्हणतो. तांत्रिक कारणामुळे कार्यक्रम रद्द, असं जाहीर करू. बुवांचाही मान राहतो, विद्यापीठाचाही."

"आणि बाहेर?" चाचांनी विचारलं.

"बाहेर काय?"

"बाहेर जे बोललात ते, साहेब. पायऱ्यांवर. ते लोक घरी जाऊन सांगतील. त्यांना कोण सांगणार?"

"अहो, आम्ही इथं मान्य केलंय ना? तुमच्यावर काही कारवाई होत नाही. अजून काय पाहिजे?"

अजून काय पाहिजे! दोनशे माणसांसमोर डाग लावायचा आणि बंद खोलीत पाचजणांसमोर पुसायचा, हा कुठला न्याय? मी बुवांना म्हटलं, "चला, स्टेजवर जाऊन सांगा." बुवांनी मान हलवली. नाही. मग मीच निघाले.

"मॅडम, तुम्ही कंत्राटी आहात," कापडणीस मागून म्हणाले. "मार्चमध्ये मुदत संपते तुमची. विचार करा."

"लेखी द्या," मी म्हटलं आणि पडद्यातून स्टेजवर गेले.

माइकवर बोलायची मला सवय नाही. पंचनामा वाचतात तसं सांगितलं. "मी मंगला बोरस्ते, सुरक्षा अधिकारी. पखवाज कुणी मुद्दाम फाडलेला नाही. काल पिंपळगावच्या कार्यक्रमानंतर कणीक काढायची राहिली. ती वाळली. आज संध्याकाळी रंगनाथबुवांनी स्वतः ती रापीनं खरवडली, तेव्हा चामडं फाटलं. त्यांनी माझ्यासमोर तसं कबूल केलंय. बद्रुद्दीन शेख यांनी डाव्या बाजूला हातही लावला नव्हता. त्यांच्याकडे बोट प्राध्यापक कापडणीसांनी दाखवलं. दंड मी धरला, पिशवी ओतायला मी सांगितलं. आम्ही सगळे चुकलो. ज्यांनी व्हिडिओ काढला, त्यांनी हाही काढा."

 एक मोबाइल वर गेला, मग दहावीस. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "बुवा कुठं आहेत?"

बुवा विंगेत उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. चेहरा पडलेला होता, पण प्रेक्षक अजून बसलेले दिसले आणि त्यांच्यातला कलाकार जागा झाला असावा. ते वळले आणि चाचांच्या जवळ गेले. 

"बद्रुद्दीन, तुझ्याकडे डाव्या बाजूला चढवायचं नवं पान असेल ना? तासाभरात चढवशील? लोक थांबतील. झालं गेलं सोड आता. कलेसाठी कर."

अरफा पुढे झाली, पण चाचांनी तिचा हात धरला.

"पान आहे," ते म्हणाले. "तासात चढतं. माणूस विसरतो, बुवा, चामडं फाटतं. त्याचा राग नाय मला, तेच शिवत आयुष्य गेलं माझं. पण तुमच्या वाद्याला मी हात लावणार नाय. उद्या पुन्हा काय झालं, तर पुन्हा माझंच नाव आठवेल तुम्हाला."

 निकिता हार्मोनियमची पेटी बंद करून उठली आणि बुवांकडे न बघता प्रेक्षकांतून बाहेर गेली. थोड्या वेळानं प्रेक्षकही उठले.

मी चाचांबरोबर फाटकापर्यंत चालत गेले. अरफानं रिक्षा थांबवली होती.  रिक्षाशी पोचल्यावर कसंबसं म्हटलं, "चाचा, माझंही चुकलं. मी तुम्हाला एक शब्द विचारला नाही आणि हात धरला."

"तुमची ड्युटी होती, बाई," ते म्हणाले. आत बसले आणि रिक्षावाल्याला जुन्या नाशकात घ्यायला सांगितलं.

माफ केलं, असं ते म्हणाले नाहीत. का म्हणावं त्यांनी?